हाराखालचा दिवा

नागपूर,
जानेवारी १९७५

प्रिय गिरिधर,

हे पत्र तुला आहे, आणि तुझ्यासारख्या त्या सगळ्यांना आहे ज्यांनी कुणा मोठ्या माणसाच्या नावासाठी आपले हात कामाला लावले, आणि हात भाजले तेव्हा ज्यांना सांगण्यात आलं की चूक तुमचीच. तू त्यांच्यात मोडत नाहीस असं तुला वाटत असेल. तुमच्या विभागाचे मनोहरराव सर तुला चारचौघांत 'माझा उजवा हात' म्हणायचे आणि तू खाली मान घालून हसायचास. आमच्या घरात ते दोन शब्द आता कुणी उच्चारत नाही. माझ्या भावाच्या उजव्या हाताचा निकाल येत्या गुरुवारी संस्थेची समिती लावणार आहे. बळीरामने सुट्टीच्या दिवशी परवानगीशिवाय, बेपर्वाईने मशीनला हात घातला, असं ठरलं की त्याचं नाव कमी होईल, प्रबंध बंद होईल आणि प्रयोगशाळेचं दार त्याला कायमचं लागेल. तसंच ठरणार, हे सगळ्यांना माहीत आहे. शिपायालासुद्धा.

तू जबलपूरला गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नव्हती. लिहिणार नाही असं ठरवलंही होतं. आधी घरचं सांगते. मायची तब्येत तिच्या वयाला शोभेल इतपत बरी. माझी जरीपटका भागातली शाळा चालू आहे. सिंधी दुकानदारांची मुलं आता माझ्या हाताखाली मराठी कविता घडाघडा म्हणतात आणि बाजारातून जाताना त्यांच्या आया मला दुकानात बोलावून पापड देतात. भाषणं मात्र थांबली आहेत. सहा डिसेंबरच्या सभेत मला बोलायला उभं केलं. समोर एवढा जमाव, मंडपाच्या बाहेर रस्त्यावरही माणसं. तुला ठाऊक आहे, माईक हातात आला की मला शब्द शोधावे लागत नाहीत. त्या दिवशी पहिल्याच रांगेत बळीराम बसला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्याने सवयीने दोन्ही हात वर आणले आणि मग बँडेजचा हात हळूच शालीखाली घेतला. मी दोन वाक्यं बोलले आणि खाली उतरले. लोकांना वाटलं, बाईला भोवळ आली.

तुला ती संध्याकाळ आठवते? तू पहिल्यांदा आमच्या घरी आला होतास आणि माय तुला खायला काय द्यावं, तू खाशील की नाही, या विचाराने चुलीपुढे नुसती बसून राहिली होती. तू सरळ आत गेलास, पाट ओढलास आणि म्हणालास, "काकू, भाकर द्या, सकाळपासून काही खाल्लं नाही." त्या एका वाक्यावर मायने तुला आपला केला. मीही केला, पण ते मी तुला फार उशिरा सांगितलं. जेवण झाल्यावर मायने विचारलं, तुम्ही दोघं त्या मशीनवर दिवसभर करता तरी काय. तू पुस्तकातली भाषा बोलायला लागलास. बळीराम म्हणाला, "थांब गा, तिले असं नाही समजत." त्याने दोरीवरचं मायचं विटलेलं पातळ काढलं, दारात ताणून धरलं आणि तिला म्हणाला, "आता याच्यातून त्या खांबावरच्या दिव्याले पाह्य." मी पण पाहिलं. एका दिव्याचे कितीतरी दिवे झाले होते. मधे मोठा, चारी बाजूंना ओळीने लहान लहान, एखाद्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. त्याने पातळ थोडं फिरवलं तसे ते ठिपकेही फिरले. माय म्हणाली, "माह्या लुगड्यातून चांदण्या काढतं का बे?"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी नंतर शाळेत मुलांना, आणि एकदा तर भर सभेत सांगितलं. लुगड्याचे धागे इतके बारीक की इथून डोळ्याला दिसत नाहीत. पण उजेड त्यांच्या फटींतून वाकून येतो, आणि वाकून आलेला उजेड सांगतो की धागे किती अंतरावर आहेत, कसे उभे-आडवे आहेत. स्फटिकातही असेच थर असतात, अणूंचे. त्यांच्या फटी इतक्या लहान की साधा उजेड त्यांना उपयोगाचा नाही, एक्स-रे लागतात. त्यांच्या वाटेत स्फटिक ठेवायचा, मागे फिल्म ठेवायची. फिल्मवर डाग उमटतात. डागांवरून अणू कुठे कुठे बसलेत ते शोधायचं. "म्हणजे चोराच्या पायाच्या निशाण्या," माय म्हणाली. बळीराम म्हणाला, "व्हय, पण अर्ध्याच." फिल्म फक्त एवढंच सांगते की डाग किती गडद आहे. किरणाची लाट तिथे पोचली तेव्हा वर होती की खाली, ते फिल्मवर कधीच येत नाही. अर्धी साक्ष मिळते, अर्धी हरवते. आणि हरवलेली अर्धी मिळवायला तुम्ही लोक एक युक्ती करता: त्या पदार्थात एक वजनदार अणू घालता. हलके अणू शेकड्याने असले तरी ते कुजबुजतात. वजनदार एकटा मोठ्याने बोलतो. तो कुठे उभा आहे हे कळलं की त्याच्या आधाराने बाकीचे एकेक करून सापडत जातात.

बळीरामने पळसाच्या बियांतला पदार्थ निवडला होता, कारण लहानपणी पोटात जंत झाले की माय आम्हाला त्याच बिया उगाळून द्यायची. त्याला पाहायचं होतं की मायच्या त्या कडू औषधात आत काय आहे. त्यात ब्रोमीनचा वजनदार अणू घालून त्याचा स्फटिक वाढवायला त्याने दोन उन्हाळे घालवले. नागपूरच्या उन्हाळ्यात! खोलीतलं पाणी तापलं की सगळं गढूळ व्हायचं. शेवटी एक चांगला कण मिळाला, साखरेच्या दाण्याहून बारीक. तो केसाएवढ्या काचेच्या तंतूवर चिकटवून कॅमेऱ्यावर बसवला तेव्हा तुम्ही दोघं मला दाखवायला घेऊन गेला होतात. मला काही दिसलं नाही. तू माझ्या कानाशी वाकून म्हणालास, "बघ, तुझ्या भावाची सगळी इस्टेट." मी त्या वेळी कणाकडे पाहत नव्हते, हे तुलाही ठाऊक आहे.

आता खंडेनवमी. तुमच्या विभागात दरवर्षी त्या दिवशी सकाळी मशीन बंद व्हायचं. धोंडबा शिपाई सगळं पुसून घ्यायचा, झेंडूचा हार घालायचा, नारळ फुटायचा, सर स्वतः हळदकुंकू वाहायचे, आणि मग दसरा उलटेपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. हत्यारं त्या दिवशी विश्रांती घेतात, ही तुमच्याकडची रीत. बळीराम पूजेला उभा राहत नसे, पण पेढा सगळ्यांत आधी उचलायचा. सर एकदा टोमणा मारून म्हणाले, "का हो, देव चालत नाही आणि पेढा चालतो?" तर म्हणाला, "सर, मशीनले सुट्टी हाय, मले पेढा हाय. कोणाचं काय बिघडते?" सगळे हसले होते, सरही. त्र्याहत्तरच्या खंडेनवमीला मात्र कुणाच्या तरी कुंकवाच्या बोटाचा धक्का लागून त्याचा स्फटिक पडला होता. तो जमिनीवर गुडघे टेकून दिवसभर शोधत राहिला होता, सापडला नाही. म्हणून या खेपेला त्याने ठरवलं होतं की पूजा झाली की आपला कण काढून डबीत घालून घरी न्यायचा.

त्या एका मशीनला किरण बाहेर पडायच्या दोन खिडक्या. एका खिडकीशी तुझा कॅमेरा, दुसऱ्या खिडकीशी त्याचा. सकाळी दोघांचंही काम चालू असताना मशीन मेन स्विचवरून बंद झालं, तेव्हा त्याच्या खिडकीचं, किरण अडवणारं शटर उघडंच राहिलं. मशीन बंद असताना शटर उघडं असलं काय नि नसलं काय. पूजा झाली. झेंडूचा भला मोठा हार मशीनच्या डोक्यावरून खाली आला आणि किरण चालू असल्याचं सांगणारा तांबडा दिवा त्याच्याखाली झाकला गेला. विजेचा दाब दाखवणाऱ्या काट्यांच्या पेटीवर नवं कापड आणि त्यावर ताट. बाहेर देवीच्या मांडवातला लाऊडस्पीकर इतका ओरडत होता की मशीनची घरघर तर सोड, माणसाचा आवाज ऐकू येत नव्हता. दुपारी बळीराम गेला. त्याने मशीनकडे पाहिलं: हार, कुंकू, ताट. खंडेनवमी. मशीन बंद असणार. त्याने किरण बारीक करणारी पितळी नळी काढून बाजूला ठेवली आणि बोटांनी त्या तंतूचं मेण सैल करायला लागला. मेण जुनं होऊन घट्ट बसलं होतं. त्याने घाई केली नाही, कारण गेल्या वर्षीचा कण त्याला आठवत होता.

काही दुखलं नाही, गिरिधर. मला हे सगळ्यांत भयंकर वाटतं. विस्तव हाताला लागला तर माणूस हात मागे घेतो, शरीराला तेवढी अक्कल आहे. इथे शरीरालाही कळलं नाही. पुढच्या आठवड्यात बोटं लाल झाली. तो म्हणाला, मेण काढताना कसलं तरी रसायन लागलं असेल. मग फोड आले. धंतोलीच्या डॉक्टरांनी आधी ॲसिड म्हटलं, मग इसब म्हटलं, मलमं बदलली. दिवाळीनंतर कातडी काळी पडायला लागली आणि तो रात्रंदिवस हात उशाशी उंच धरून बसायला लागला. माय हातावर फुंकर घालायची. म्हणायची, "काय करून ठेवलं गा माह्या पोरा?" आणि तो तिला, "काई नाही वं माय, जाईन." एका नव्या डॉक्टरने विचारलं, तुम्ही काम काय करता, तेव्हा कुठे उलगडलं. तोवर वाचवण्यासारखं उरलं नव्हतं. अंगठ्याचं टोक आणि पुढची दोन बोटं डिसेंबरात कापली. तिसऱ्याबद्दल ते अजून काही बोलत नाहीत. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, तंतू डाव्या हातानं धरता येईन का वं?" मी हो म्हणाले. मी आयुष्यात इतक्या सभांत इतकी आश्वासनं दिली, पण जे खोटं आहे हे ठाऊक असून दिलं ते हे एकच.

समितीपुढे मी दोनदा गेले. पहिल्यांदा मला बसायला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, आणि ऐकून घेतलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही छान बोलता, ऐकलंय आम्ही. पण इथे सभा नाही." दुसरे एक म्हणाले, "हे लोक पूजा मानत नाहीत. म्हणून पूजेच्या दिवशी मशीनशी खेळायला गेला." मी तिथे ओरडले नाही. हात टेबलावर ठेवून सावकाश म्हणाले, की साहेब, त्याने तुमच्या पूजेवर विश्वास ठेवला. त्या खोलीत त्या दिवशी विश्वास ठेवणारा तो एकटाच होता. हार घातल्यावर मशीन चालू होणार नाही, हे तुमच्या रीतीने सांगितलं होतं, आणि ज्याला तुम्ही परका म्हणता त्याने ते खरं मानलं. ज्याने मोडलं तो तुमच्यातला आहे. परदेशातल्या परिषदेला आकडे पाठवायचे होते म्हणून कुणीतरी कुंकू वाळायच्या आत मशीन पुन्हा सुरू करायला सांगितलं. झेंडूच्या हाराचा दोष नाही, धोंडबाने तो भक्तीने घातला. दोष हुकमाचा आहे. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "पुरावा?"

मी जे पाहिलं-ऐकलं ते सांगितलं. पण मी बहीण. त्यात भाषणं करणारी. त्यात आमच्या बौद्ध वस्तीतली. आमचे शब्द हलके आहेत, गिरिधर, शेकड्याने असले तरी कुजबुजीइतकेच. सर म्हणतात, मशीन सकाळी बंद झालं ते झालं, नंतर याने स्वतःच चालू केलं असणार. आणि समितीपुढे तुझी सही केलेली ओळ आहे: 'खंडेनवमीला सकाळी मशीन मी बंद केले.' ती ओळ खोटी नाही. ती अर्धी आहे. फिल्मसारखी. डाग किती गडद ते सांगते, आणि नेमकं जे हवं ते तिच्यातून हरवलेलं आहे.

बळीरामला मी हे पत्र लिहितेय हे माहीत नाही. समितीने त्याला विचारलं, मशीन कुणी चालू केलं असेल, तर म्हणाला, "मले माहीत नाही." त्याला माहीत आहे. घरी येऊन मी भांडले त्याच्याशी. तो डाव्या हाताने पाटीवर रेघा ओढत बसला होता, अक्षर वळवायची सवय करत. वर न पाहता म्हणाला, "त्याले काहून मधात ओढतं वं ताई? त्याची नवी नवकरी हाय." तुझी ती जबलपूरची नोकरी सरांच्या शिफारशीने लागली, हेही त्याला माहीत आहे. तरी मधात ओढू नको म्हणतो. अशा माणसाचं मी काय करू? त्याच्यासाठी कुणाकुणावर आग पाखडू?

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहीत आले. त्या दुपारी मी तुमच्या फाटकाशी उभी होते. दसऱ्यासाठी भंडाऱ्याची पाहुणे मंडळी आमच्याकडे उतरणार होती, बळीरामला घेऊन बाजार करायचा होता. तू बाहेर आलास. कपाळावर कुंकू, चेहऱ्यावर सुट्टीचा आनंद. म्हणालास, "मशीन परत लावून आलो एकदाचं. सरांनी पिच्छाच पुरवला होता. आता संध्याकाळपर्यंत मोकळा." आपण समोरच्या टपरीवर चहा घेतला. तू म्हणालास की दिवाळीत आईशी बोलतो, आपलं सांगतो. मी तेव्हा इतकी सुखात होते की मला त्या टपरीचं गळकं पत्र्याचं छत अजून लख्ख दिसतं. मग बळीराम आला. काडेपेटीएवढी डबी उंच धरून, लहान पोरासारखा हसत. "वाचला पाह्य! या साली वाचला!" तू विचारलंस, "कधी काढलास?" तो म्हणाला, "आता, येऊनच राहिलो ना तिकून." तुझा ग्लास ओठाशी थांबला, गिरिधर. तू त्याच्या बोटांकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. मग चहा पूर्ण प्यायलास, आणि आईला देवीला न्यायचं आहे म्हणून निघून गेलास. त्या क्षणी तू एक वाक्य बोलला असतास तर डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून कळलं असतं की ते काय पाहत आहेत. किती बोटं वाचली असती ते मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. तू दिवाळीत आईशी बोलला नाहीस, जबलपूरला गेलास, याबद्दल मी तुला काही विचारणार नाही. ते माझं आणि तुझं होतं, आणि मी ते गिळलं आहे. मला तुझी माफी नको, पश्चात्तापाचं पत्रही नको. त्या टेबलाशी बसलेल्या माणसांना तुझं आडनाव चालतं, तुझी पदवी चालते, तुझ्या शब्दाला वजन आहे. बळीरामने शिकवलेली युक्ती मी आता वापरते आहे. बुधवारी संध्याकाळी जबलपूरहून नागपूरची बस निघते. तीत बस. गुरुवारी सकाळी अकरा वाजता समितीपुढे उभा राहा आणि एवढंच म्हण: 'पूजेनंतर दुपारी मशीन मी चालू केलं, सरांनी सांगितलं म्हणून, आणि बळीरामचं शटर पाहिलं नाही.' मी फाटकाशी उभी असेन, त्या दिवशी होते तिथेच. ये.

तुझीच,
वच्छला